गव्हाच्या पातीच्या टोकावरचा थेंब

पहाटपाखरू:
परवा निफाडकडे मामाच्या गावी होतो, थंडीने साडेसहालाच जाग आली मग शाल गुंडाळून गव्हाच्या वावरात गेलो (मोबाईल चार्जिंगला होता, बरंच झालं). उकिडवा बसलो तर प्रत्येक पातीच्या शेंड्यावर एकेकच थेंब, गोल, आणि त्यात अख्खं वावर उलटं दिसतंय. बांधावरचे दगड मात्र कोरडे. ऊन आलं आणि थोड्या वेळात सगळं गायब. मामा म्हणतो दव आहे, त्यात काय बघायचं. पण दव असं शेंडा निवडून पडतं का?

शेतकी_वाली:
ते दव नाहीये, निदान सगळं नाही. रात्री गारठ्यात पानातून वाफ जायची जवळजवळ थांबते पण मुळं ओल्या जमिनीतून पाणी ओढतच राहतात, मग तो दाब टोकाच्या बारीक छिद्रातून थेंब बाहेर ढकलतो. कॉलेजात गटेशन म्हणायचो. दव हवेतल्या वाफेचं, ते पातीवर सगळीकडे धुरकट बसतं, बोट फिरवलं की रेघ उठते. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीचं पान बघा, कडेच्या प्रत्येक दात्यावर एक मणी. आदल्या दिवशी पाणी भरलं होतं का?

पहाटपाखरू:
हो की! रात्रीच भरलं, लाईट रात्रीचीच असते ना. मामाला आता सांगतो.

जुनी_खोड:
गहू झाला, आता हरभऱ्यात जा. आमची आजी पहाटे हरभऱ्यावर पांढरं फडकं अंथरायची, ओलं झालं की पिळायचं, परत अंथरायचं, असं करत बाटलीत आंब जमवायची. पोट दुखलं की चमचाभर, एक डोळा आपोआप मिटतो इतकी आंबट. त्या पानावरच्या लवेतून मॅलिक ॲसिड येतं हे फार नंतर कळलं, पायाच्या भेगा चुरचुरतात हे आधीच माहीत होतं. दिसायला म्हणाल तर ऊन तिरपं असताना सगळी लव चकाकते, पाचेक मिनिटंच.

द्राक्षबाग:
मजा आहे तुमची. आमच्याकडे दव पडलं की डाऊनीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) भीती आणि पारा उतरला की मणी तडकायची, रात्रभर बागेत शेकोट्या. तरी खरं सांगतो, चारच्या सुमाराला धूर वर जातच नाही, मांडवाखाली सपाट पसरून राहतो, त्यात बॅटरी मारली की उजेडाची सरळ काठी दिसते. तेवढं बघत उभा राहतो जरा वेळ, मग पुढचं लाकूड टाकतो.