नवसागर आयनिक कसा? त्यात धातूच नाही!

ऐरोलीची आई:
मुलगी दहावीला आहे. ‘धातू-अधातू असले की आयनिक (विरुद्ध भारांच्या कणांचं, म्हणजे आयनांचं), दोन्ही अधातू असले की सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारं)’ हे तिचं पाठ आहे. चाचणीत तिनं अमोनियम क्लोराइड (म्हणजे नवसागर) सहसंयुज लिहिलं, गुण गेले. आणि हायड्रोक्लोरिक आम्लातून वीज वाहते, तरी हायड्रोजन क्लोराइड सहसंयुज कसं? मी कॉमर्सची, मला सांगता येईना.

तुर्भेकर काका:
ताई, पोरीची शंका रास्त आहे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत २८ वर्षं काढली. नुसती मूलद्रव्यं बघून भागत नाही, आत कण कोणते ते बघावं लागतं. नवसागरात (कल्हईवाले वापरतात तोच) अमोनियम हा अख्खा गटच धनभारित आयन. गटाच्या आत नायट्रोजन-हायड्रोजनचे बंध सहसंयुज. पण त्याला क्लोराइडशी बांधतं ते विरुद्ध भारांचं आकर्षण.

हायड्रोजन क्लोराइड मुळात वायू, उणे ८५ अंशांना उकळणारा. थंड करून द्रव केला तरी वीज वाहून नेत नाही. पाण्यात गेला की पाणी त्याचा प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) काढून घेतं, तेव्हा कुठे आयन होतात.

मला खरं शिकवलं ते निर्जल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडनं. धातू आहे ना त्यात? तरी साधारण १८० अंशांना न वितळता थेट वाफ! मिठाला वितळायला ८०१ अंश लागतात. पावसाळ्यात ड्रम उघडला की दमट हवेनं पांढरा धूर निघायचा, घसा धरायचा. अ‍ॅल्युमिनियमचा आयन इवलासा, त्यावर भार तीन. तो क्लोराइडचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो आणि बंध सहसंयुजाकडे झुकतो. फ्लोराइड आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतं, म्हणून अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड आयनिक.

ठाणे पूर्व, क्लासवाली:
परीक्षेपुरतं सांगते. नावात अमोनियम आलं की आयनिक. सल्फेट, नायट्रेटसोबत धातू असेल तरी आयनिकच. सल्फ्युरिक आम्लात मात्र धातू नाही, तिथं घाई नको.

ऐरोलीची आई:
काका, साखर सहसंयुज आणि मीठ आयनिक, म्हणून काल दोन्ही कढईत तापवून पाहिलं. साखर वितळून तांबूस झाली, मीठ नुसतं तडतडलं. आता ती खायच्या सोड्याचं विचारतेय.

तुर्भेकर काका:
शाब्बास! सोडियम आयन एकीकडे, बायकार्बोनेट आयन दुसरीकडे, म्हणून आयनिक. बायकार्बोनेटच्या आतले बंध सहसंयुज, अमोनियमसारखेच. पण सोडा कढईत टाकून निकाल लावू नका. तो वितळायच्या आधीच फुटतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते, खाली धुण्याचा सोडा राहतो.