मदत हवी आहे: काळ्या रानातली 600 मीटर पाणंद, 100 ब्रास मुरूम नेमका कुठे टाकावा?

गोदाकाठ:
परभणी जिल्हा, भारी काळी जमीन. दोन्ही बांधांमध्ये 20 फूट अंतर, त्यातली 12 फूट वाट वापरात. वाट शेजारच्या रानापेक्षा वीतभर खाली आहे. जुलैपासून ट्रॅक्टर जात नाही, दुचाकीच्या मडगार्डात चिखल बसून चाक जाम होतं. उन्हाळ्यात त्याच चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात, वर घोटाभर फुफाटा. मागे सहा इंच मुरूम टाकला, तो एका पावसाळ्यात गडप झाला. यंदा वर्गणीतून 100 ब्रास होईल. सगळीकडे पातळ पसरावा का?

रेगूर:
पातळ अजिबात पसरू नका. वाट खोलगट असल्यामुळे पाणी तिथेच मुरतं, भिजलेल्या काळ्या मातीत दम राहत नाही. चाक मुरूम खाली दाबतं आणि माती वर येते. आधी वाट उचला. एप्रिल-मेमध्ये दोन्ही बाजूंना चर काढा: वर 3 फूट, तळाला 1 फूट, खोली अडीच फूट. ती माती मध्ये टाकली की वाट दबून सात-आठ इंच उंच होते. ढेकळं फोडून, मुठीत गोळा होईल इतकं पाणी मारून रोलर फिरवा. कोरड्या ढेकळांवर केलेला भराव पहिल्याच पावसात बसतो. मधला भाग कडेपेक्षा 3 इंच उंच हवा.

खडीवाट:
100 ब्रास म्हणजे 283 घनमीटर सैल मुरूम, दबून 215-220 उरतो. 10 फूट रुंद, 1 फूट जाड धरला तर साधारण 230 मीटर होतात. सर्वात वाईट 230 मीटर पक्के करा, उरलेल्या ठिकाणी यंदा फक्त चर आणि उंची. मुरूम सहा-सहा इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा. घेण्याआधी मूठभर मुरूम रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी त्याचा गाळ झाला तर ती खाण सोडा. मोठे दगड थेट काळ्या मातीवर टाकू नका, ते खाली जातात आणि फटींतून चिखल वर येतो. टाकायचेच असतील तर खाली 4 इंच कच (खडीचा बारीक चुरा) हवा. उत्खननाची परवानगी तहसीलमधून आधी घ्या, नाहीतर गाड्या अडकतात.

गोदाकाठ:
चराचं पाणी ओढ्याला न्यायला मध्ये वाट ओलांडावी लागते. शिवाय एका शेजाऱ्याने बांध सरकवलाय.

रेगूर:
ओलांडायला 2 फूट व्यासाचा सिमेंटचा नळा घ्या. 1 फुटाचा पालापाचोळ्याने तुंबतो आणि पाणी वाट फोडून जातं. नळ्यावर किमान 2 फूट भराव, दोन्ही तोंडांना दगडी भिंत, पाणी बाहेर पडतं त्या तोंडापुढे दगड पसरा. बांधासाठी आधी गाव नकाशा काढून मोजणी करा. वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत चुकवू नका.

खडीवाट:
फुफाट्याचा उपाय उन्हाळ्यात नाही, ऑक्टोबरात आहे. पाऊस उघडून वाफसा आला (माती ना चिखल ना कोरडी झाली) की लगेच ट्रॅक्टरच्या फळीने चाकोऱ्या मोडून माती मध्याकडे ओढा. आठ दिवस उशीर झाला तर फळी नुसती वरून घसरते. चाकोरी राहिली की चाकं तिथेच चालतात, माती दळून फुफाटा होतो. जूनच्या आधी चरातला गाळ काढा, विशेषतः नळ्याच्या तोंडाशी.

गोदाकाठ:
काम होईपर्यंत ट्रॅक्टर रुतला तर?

रेगूर:
चाक फिरवत बसू नका, ट्रॅक्टरचा मागचा आस जमिनीला टेकतो. ट्रॉली सोडा, चाकामागची माती फावड्याने उतरती करा, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) दाबून सरळ मागे घ्या. चाकाला ओंडका बांधून पुढे काढू नका. ओंडका अडला की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच, वरच्या टॉपलिंकला कधीच नाही. ओढताना साखळीजवळ कुणी उभं राहू नये.