मदत हवी आहे: टेबल पडद्यावर नसताना येणारी व्ह्यू हायरार्कीची वॉर्निंग कशी घालवायची?

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. आर्वीकडच्या एका जिनिंगसाठी आयपॅडवर काटा-नोंदीचं ॲप करून राहिलो आहे. भाषा स्विफ्ट, पडदे ॲपलच्या यूआयकिटमध्ये, नोंदी कोअर डेटात साठवतो. खाली दोन टॅब: 'आजच्या गाड्या' आणि 'हिशोब'. गाड्यांच्या टॅबवर साधं टेबल आहे. गाडी नंबर, भरला काटा, रिकामा काटा, ओलावा, भाव. कापूस जास्त ओला असला तर खाली ग्रेडरचा शेरा येतो, म्हणून सेलची (टेबलातल्या ओळीची) उंची कमीजास्त होते.

मुनीमजी बहुतेक वेळ हिशोबाच्या टॅबवर असतात. इकडे नेटवर्क येतं-जातं. आलं की गेटवरच्या फोनमधून तुंबलेल्या सगळ्या नोंदी एकदम उतरतात, आणि नेमकं तेव्हाच एक्सकोडच्या (ॲप बनवायच्या साधनाच्या) कन्सोलमध्ये वॉर्निंग येते. टेबल व्ह्यू हायरार्कीत (पडद्यावर लावलेल्या व्ह्यूंच्या रचनेत) नसताना त्याला दिसणाऱ्या सेलची मांडणी करायला सांगितली, असा तिचा मतलब. ॲप बंद पडत नाही. पण गाड्यांच्या टॅबवर परत आलं की कधीकधी शेरा अर्धा कापलेला दिसतो.

वॉर्निंग एकदाच येते, मग शांत. काहून येते ते कोणी सांगेल काय?

ठेचा_भाकर

मी असल्या ठिकाणी अपडेट अर्धा सेकंद उशिरा करतो. वॉर्निंग जाते.

ओळ४०४

ठेचाभाऊ, मुनीमजी अर्ध्या सेकंदात टॅब बदलतील याची हमी कोण देणार? ते काही औषध नाही.

पऱ्हाटी, ही वॉर्निंग आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. टॅब बदलला की आधीच्या टॅबचा व्ह्यू विंडोतून काढला जातो. तो मेमरीत जिवंत असतो, फक्त त्याची विंडो निल (काहीच नाही) असते. नेव्हिगेशनमध्ये वर दुसरा पडदा पुश केला तरी खालच्याचं हेच होतं. अशा टेबलाला बॅच अपडेट (ओळी घालण्या-काढण्याचे बदल एकगठ्ठा) दिलं की ते तिथल्या तिथे मांडणी करायला बसतं. तेव्हा खरी रुंदी, मार्जिन, सेफ एरिया यांचा भरवसा नसतो. चुकीच्या रुंदीवर उंची मोजली तर शेरा कापला जाणारच.

एकदाच दिसते कारण ती एकदाच छापली जाते. नंतरच्या वेळी चूक होत नाही असं समजू नको. सिम्बॉलिक ब्रेकपॉइंट लाव, म्हणजे त्या नावाशी पोचलं की ॲप तिथंच थांबेल. नाव: यूआयटेबलव्ह्यूअलर्टफॉरलेआउटआउटसाइडव्ह्यूहायरार्की. मूळ इंग्रजी स्पेलिंग वॉर्निंगमध्येच आहे, तिथूनच उचल. थांबलं की कॉल स्टॅक (कोणत्या कोडने कोणाला बोलावलं ती यादी) एकेक पायरी मागं वाचत जा, तुझ्या स्वतःच्या कोडची पहिली ओळ सापडेपर्यंत.

पऱ्हाटी

सापडली दादा! कोअर डेटातले बदल कळवणाऱ्या फेच्ड रिझल्ट्स कंट्रोलरच्या डेलिगेटमधली, 'डिडचेंजकंटेंट' मध्ये बॅच संपवणारं एंडअपडेट्स आहे ती. आता काय, टॅबवरून जाताना सिंकच थांबवू?

ओळ४०४

सिंकला हात लावू नको, डेटा येऊ दे. 'विलचेंजकंटेंट' मध्ये टेबलाची विंडो निल आहे का ते पाहून एका बूलमध्ये (हो-नाही व्हेरिएबलमध्ये) ठेव. निल असेल तर बिगिनअपडेट्स, इन्सर्ट, डिलीट यातलं काहीच नको. शेवटी 'डिडचेंजकंटेंट' मध्ये फक्त रीलोडडेटा. तो लगेच सेल बांधायला बसत नाही, मांडणी बाकी आहे एवढी खूण करतो आणि खरं काम टेबल विंडोत आल्यावर होतं. ॲनिमेशन जाईल, पण पाहायला तिथं आहे कोण?

एक सांभाळ. बॅच अपडेट गाळलंस आणि रीलोडडेटा विसरलास, तर टेबलाची जुनी मोजणी आणि खरी मोजणी जुळणार नाही. मग पुढच्या अपडेटला ॲप धाडकन पडेल. ती वॉर्निंग नसते, क्रॅश असतो.

पऱ्हाटी

केलं. तिथली गेली, पण ब्रेकपॉइंट दुसरीकडे थांबला. व्ह्यूविलअपिअरमध्ये शेवटच्या गाडीपर्यंत स्क्रोलटूरो करतो, तिथं.

ओळ४०४

व्ह्यूविलअपिअरच्या वेळी व्ह्यू अजून हायरार्कीत आलेला नसतो, आणि स्क्रोल करायचं तर टेबलाला जागा मोजावीच लागते. ती ओळ व्ह्यूइजअपिअरिंगमध्ये हलव. तिथं विंडो आणि मापं दोन्ही हाताशी असतात. एक्सकोड १५ सोबत आलेली मेथड आहे, पण आयओएस १३ पर्यंतच्या जुन्या यंत्रांवरही चालते.

ठेचा_भाकर

हे मला नवीनच. माझ्याकडे डिफेबल डेटा सोर्स आहे (जुन्या-नव्या यादीतला फरक स्वतः काढणारा), तिथंही हाच जुगाड?

ओळ४०४

कल्पना तीच. आयओएस १५ पासून ॲनिमेशन बंद ठेवून नवी यादी अप्लाय केली तरी फरक काढून बॅच अपडेटच होतं. पूर्वी रीलोड व्हायचं. त्यामुळे टेबल लपलेलं असताना 'अप्लायस्नॅपशॉटयूजिंगरीलोडडेटा' वापर. अर्धा सेकंदवाली ओळ मात्र काढ बरं.

पऱ्हाटी

ब्रेकपॉइंट आता कुठंच थांबत नाही. नेटवर्क बंद-चालू करून पाहिलं, शेरा पुरा दिसते. धन्यवाद दादा. ब्रेकपॉइंट हंगामभर लावूनच ठेवतो, हिशोबाच्या टॅबवरही टेबल येणार आहे.