फोटो जोडायचे तर कमांड लाइनच हवी का?

डोंगरवाट (धागाकर्ता)

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा एका फ्रेममध्ये मावत नाही. मग बहुतेक जण मोबाइल पॅनोरमा मोडवर टाकतात आणि हात फिरवतात. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं की कड्याच्या थरांच्या रेषा मध्येच तुटलेल्या असतात. शेजारून चालणाऱ्या माणसाला कधी तीन पाय असतात, कधी एकच.

माझं मत असं: एकमेकांवर तिसरा हिस्सा येईल असे सुटे फोटो काढा, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक ठेवा आणि घरी ह्युगिन या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कमांड लाइन (माउसऐवजी हुकूम टाइप करून चालणाऱ्या) साधनांनी जोडा. सगळं फुकट आणि मुक्त आहे. पीटीओ-जेन प्रोजेक्ट फाइल बनवतं. सीपीफाइंड दोन फोटोंतले समान बिंदू शोधतं, सीपीक्लीन त्यातले चुकार बिंदू काढून टाकतं. ऑटोऑप्टिमायझरला ए, एम, एल, एस हे चार पर्याय एकत्र दिले की फोटोंची जागा, उजेडातला फरक, क्षितिज आणि प्रोजेक्शन (गोलाकार दृश्य सपाट चित्रावर मांडायची पद्धत) एका फेरीत बसतं. मग नोना प्रत्येक फोटो वळवून योग्य जागी ठेवतं आणि एनब्लेंड शिवण घालतं.

मुख्य फायदा प्रोजेक्ट फाइलचा. ती साधी मजकुराची फाइल असते. कोणता फोटो किती अंशांनी फिरवला, कोणते बिंदू जुळवले, सगळं तिच्यात वाचता येतं. दहा वर्षांनी तेच फोटो पुन्हा तसेच जोडता येतात. मोबाइल यातलं काहीच मागे ठेवत नाही.

निवडुंग

साफ असहमत. फोटो जोडणं हे डोळ्यांचं काम आहे आणि तुम्ही ते डोळे मिटून करायला सांगताय.

कोकणकड्यावर पावसाळ्यात खालून ढग वर येतात. सीपीफाइंड त्या ढगांवरही बिंदू ठोकतं आणि पुढच्या फोटोपर्यंत ढग सरकलेला असतो. काठावरचं गवत वाऱ्यानं हलत असतं, तिथेही तेच. ह्युगिनच्या माउसने चालणाऱ्या खिडकीत दोन्ही फोटो शेजारी शेजारी दिसतात, चुकीचा बिंदू क्षणात कळतो. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यावर, फक्त सरासरी चूक इतके पिक्सेल असा आकडा दिसतो. आकडा छान आणि क्षितिज वाकडं, असं सहज होऊ शकतं.

डोंगरवाट

ढगांसाठी सीपीफाइंडला सेलेस्टचा पर्याय देता येतो, तो ढगांवरचे बिंदू गाळतो. गवताचा मुद्दा मान्य. शंका आली तर तीच फाइल खिडकीत उघडून पाहावी, पुन्हा कमांड लाइनवर यावं. फाइल एकच असल्यामुळे हे जमतं.

पण जवळचा दगड आणि लांबचा कडा जुळत नसतील तर दोष कोणत्याच सॉफ्टवेअरचा नाही. कॅमेरा लेन्सच्या प्रवेशछिद्राभोवती (समोरून लेन्समध्ये दिसणाऱ्या छिद्राभोवती) न फिरता खांद्याभोवती फिरला की पॅरॅलॅक्स, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वस्तूंची एकमेकांच्या तुलनेत जागा सरकणं, येतोच. तिथे खिडकीही काही करू शकत नाही.

सांजवारा

आमच्या ट्रेक ग्रुपमध्ये चाळिशी-पन्नाशीच्या बायका आहेत. त्यांना टर्मिनल उघडायला सांगू? मोबाइलचा पॅनोरमा बिघडला तर कड्यावरच कळतो, लगेच दुसरा काढता येतो. तुमच्या पद्धतीत एखादा फोटो कमी पडलाय हे घरी कळणार, तेव्हा पुन्हा नळीच्या वाटेने चढायचं का? या फायद्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही.

डोंगरवाट

ताई, हा मुद्दा बिनतोड आहे. दोन्ही काढावेत. मात्र वय आड येत नाही. सहा ओळींची फाइल एकदा कुणी लिहून दिली की फोल्डरचं नाव बदलून कुणीही चालवू शकतं.

जुनेदप्तर

मी जुने नकाशे स्कॅन करते. ए-फोर स्कॅनरवर मोठा नकाशा तुकड्या-तुकड्यांनी घ्यावा लागतो, म्हणून हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. माझा विरोध दोघांनाही आहे.

एनब्लेंडची मुळं बर्ट आणि ॲडेल्सन यांच्या 1983 च्या पद्धतीत आहेत. बारीक तपशील अरुंद पट्ट्यात मिसळायचे, आकाशाच्या छटेसारखे मोठे बदल रुंद पट्ट्यात. निसर्गचित्राला हे उत्तम. पण नकाशात शिवणीपाशी दोन तुकडे चार पिक्सेल सरकलेले असले तर हद्दीची रेषा किंचित लचकते आणि तरी सलग दिसते. बारीक अक्षरातला गट नंबर अर्धा एका तुकड्यातून, अर्धा दुसऱ्यातून येतो. कुठेही इशारा मिळत नाही. शिवण जितकी सुबक, तितका धोका जास्त. जोडलेली प्रत मी कुणाला मूळ म्हणून देणार नाही.

डोंगरवाट

हे तर कमांड लाइनच्याच बाजूचं बोललात. एनब्लेंडच्या आधी थांबा. नोना प्रत्येक तुकडा वेगळ्या टिफ चित्रफाइलमध्ये देतं, ते एकावर एक ठेवून हद्दीची रेषा तपासता येते. स्कॅनसाठी ऑटोऑप्टिमायझरचा ‘ए’ पर्याय मात्र मुळीच वापरू नका. कॅमेरा एका जागी उभा राहून फिरला असं तो धरून चालतो आणि सपाट कागद तिरका करतो. दृश्यकोन (लेन्सला दिसणारा कोन) दहा अंश धरा आणि पीटीओ-व्हार या ह्युगिनच्याच साधनाने फक्त तुकड्याचं फिरणं, आडवं सरकणं आणि उभं सरकणं एवढंच मोकळं सोडा.

जुनेदप्तर

हे करून पाहीन. पण तपासायला शेवटी तुकडे डोळ्यांसमोरच उघडावे लागणार, म्हणजे निवडुंग यांचं म्हणणं उरतंच. आणि सुटे स्कॅन मी जोडलेल्या प्रतीसोबत देतच राहणार.

निवडुंग

मी तेच म्हणतोय. आणि चालत्या माणसाचं काय? त्याच्यावर मास्क (चित्रातला तेवढा भाग वगळायची खूण) काढायला त्याच्या कडेकडेने माउस फिरवावाच लागतो.