सुंता आणि एचआयव्ही : डॉ. स्टीफन मोझेस यांच्या संशोधनातून आपल्या भागाने काय घ्यावे?

खानापूरचा विज्ञान शिक्षक

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. 1 डिसेंबरला जागतिक एड्स दिनानिमित्त दहावीच्या वर्गात बोलत असताना एका मुलाने विचारले, "सर, सुंता केलेल्याला एड्स होत नाही असे माझे काका म्हणतात, ते खरे आहे का?" त्याचे काका पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रक चालवतात. वर्गात दोन मुस्लिम मुले आहेत आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. ती दोघे खाली मान घालून बसली, हे मला फार लागले. "वाचून सांगतो" असे म्हणून मी तास संपवला.

नंतर वाचताना कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातील डॉ. स्टीफन मोझेस यांचे काम समोर आले. केनियात सुंता आणि एचआयव्ही यांच्या संबंधावर संशोधन करणारे हे गृहस्थ पुढे कर्नाटकातील एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातही होते, असे दिसते. मग त्यांनी इथे सुंतेचा आग्रह का धरला नसेल? आणि मुलांना मी नेमके काय सांगावे?

बेळगावचा डॉक्टर

सर, काकांच्या म्हणण्याला आधार आहे, पण "होत नाही" हे चूक आहे. "कमी जणांना होतो" असे म्हणायला हवे. हा फरक वर्गात आकड्यांनीच समजावता येईल.

मोझेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये आफ्रिकेतील सुंतेच्या प्रथेचा आणि एचआयव्हीच्या प्रमाणाचा भौगोलिक ताळा घेतला. जिथे सुंतेची प्रथा नव्हती तिथे संसर्ग जास्त आढळला. तरीही याला पुरावा म्हणता येत नव्हते, कारण सुंता करणारा समाज आणि न करणारा समाज यांच्यात धर्म, लग्नाच्या रीती, दारू, स्थलांतर असे अनेक फरक असतात आणि संसर्गातील तफावत त्यांपैकी कशामुळेही पडू शकते. म्हणून एकाच समाजातील पुरुष घेऊन, कोणाची सुंता आता करायची आणि कोणाची नंतर, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचण्या आवश्यक होत्या. केनियातील किसुमू येथील चाचणी रॉबर्ट बेली यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि मोझेस तिच्यात सहभागी होते. तिथल्या लुओ समाजात सुंतेची परंपरा नाही. 18 ते 24 वर्षांच्या 2,784 तरुणांपैकी, दोन वर्षांत, सुंता झालेल्या गटात 22 जणांना आणि दुसऱ्या गटात 47 जणांना संसर्ग झाला. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म येथे 20 विरुद्ध 49 आणि युगांडातील राकाई येथे 22 विरुद्ध 45 असे आकडे आले. डिसेंबर 2006 मध्ये किसुमू आणि राकाई येथील चाचण्या मुदतीआधीच थांबवून उरलेल्या पुरुषांनाही सुंतेची सोय देऊ करण्यात आली.

मुलांचे लक्ष किसुमूतल्या त्या 22 कडे वेधा. सुंता होऊनही संसर्ग झालेली ती माणसे आहेत.

सुंतेने धोका कमी होण्याचे कारण शरीररचनेत आहे. सुंतेत काढल्या जाणाऱ्या अग्रत्वचेच्या आतल्या बाजूला केराटिन या कठीण प्रथिनाचा थर पातळ असतो आणि विषाणू ज्यांना चिकटतो त्या लँगरहान्स पेशी पृष्ठभागाजवळ असतात. संभोगाच्या वेळी ही त्वचा मागे सरकते आणि तिची आतली बाजू उघडी पडते. दहावीच्या जीवशास्त्राला हे समजण्यासारखे आहे, संकोच आपल्यालाच होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मार्च 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केलेली शिफारस सर्व जगासाठी नव्हती. जिथे एचआयव्हीचे प्रमाण फार मोठे, स्त्री-पुरुष संबंधांतून होणारा प्रसार मुख्य आणि सुंतेचे प्रमाण कमी, अशा प्रदेशांसाठी ती होती. म्हणजे प्रामुख्याने पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील देशांसाठी. तिथे अडीच कोटींहून अधिक पुरुषांनी सुंता स्वेच्छेने करून घेतली आहे. भारतात प्रौढांमधील प्रमाण सुमारे 0.2 टक्के असल्यामुळे एक संसर्ग टाळण्यासाठी कितीतरी अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतील. किसुमूत प्रशिक्षित डॉक्टरांच्या हातूनही सुमारे दीड टक्का पुरुषांना काही ना काही त्रास झाला होता, हेही विसरता येत नाही.

निपाणीची समुपदेशक

डॉक्टरांच्या लिखाणात बाईचा विचार राहिला आहे, तो मला मांडावासा वाटतो. सुंतेचे संरक्षण स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या संसर्गापुरते आहे. राकाईतच संशोधक मारिया वावर यांनी एचआयव्हीबाधित पुरुषांची सुंता करून त्यांच्या बायकांना संरक्षण मिळते का, हे तपासले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष "मिळत नाही" असा होता, आणि जखम भरण्यापूर्वी संबंध सुरू केल्यास बायकोचा धोका वाढण्याची भीतीही दिसली. म्हणूनच सहा आठवडे संबंध टाळायला सांगतात.

मी जवळजवळ वीस वर्षे या कामात आहे. आमच्याकडे आलेल्या कितीतरी बायकांना नवरा सोडून दुसरा पुरुष माहीत नव्हता आणि तपासणी झाली ती पहिल्या बाळंतपणात. "माझी सुंता झाली आहे, मला निरोध कशाला?" असे म्हणणारे पुरुषही मी पाहिले आहेत. अर्धवट माहितीची किंमत घरातल्या बाईने मोजली.

आपल्या सीमाभागात जे बदलले ते वेगळ्या कामाने बदलले. 2003 नंतर एचआयव्ही प्रतिबंधाचा आवाहन प्रकल्प आणि कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्ट यांच्यामार्फत उत्तर कर्नाटकात देहविक्री करणाऱ्या महिलांनीच एकमेकींपर्यंत निरोध, गुप्तरोगांवरील उपचार आणि तपासणी पोहोचवली. त्याआधीपासून सांगलीची संग्राम ही संस्था आणि व्हॅम्प ही देहविक्री करणाऱ्या महिलांची संघटना यांचे काम निपाणीपर्यंत आले होते. कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्टच्या उभारणीत मॅनिटोबा विद्यापीठाचा वाटा होता. म्हणजे मोझेस यांच्याच विद्यापीठाने किसुमूत एक उपाय तपासण्यात भाग घेतला आणि बेळगाव-बागलकोटात दुसऱ्या उपायावर भर दिला. मला यात विसंगती दिसत नाही. रोग कुठून कुठे जातो हे पाहून त्यांनी उपाय निवडला.

खानापूरचा विज्ञान शिक्षक

ताई, डॉक्टर, मनापासून आभार. एक शंका उरते. भारतात सुंता बहुतांशी मुस्लिम समाजात होते. मग इथे फरक आढळला तर तो सुंतेमुळे की राहणीमुळे, हे कसे कळणार? त्या दोन मुलांकडे पाहून मला याचे उत्तर नीट द्यायचे आहे.

बेळगावचा डॉक्टर

अगदी याच प्रश्नावर पुण्यात काम झाले आहे. तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत 1993 ते 2000 या काळात आलेल्या 2,298 पुरुषांचा पाठपुरावा करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सुंता झालेल्यांना एचआयव्हीचा धोका खूपच कमी होता. पण परमा (गोनोरिया), उपदंश (सिफिलिस) आणि जननेंद्रियांची नागीण यांत फरक आढळला नाही. फरक राहणीचा असता तर हे रोगही कमी दिसले असते. सुंता झालेले पुरुष त्यात थोडे होते, म्हणून नेमक्या आकड्यावर मी भर देणार नाही, पण तर्क पक्का आहे. मुलांना सांगा की हा त्वचेच्या पेशींचा प्रश्न आहे आणि त्यावरून कोणत्याही समाजाच्या वागण्याबद्दल, चांगले किंवा वाईट, काहीच ठरत नाही.

पुण्याचेच आणखी एक सांगा. 2011 मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीने एचआयव्हीबाधित व्यक्तीवर लवकर उपचार सुरू केल्यास तिच्या जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो हे दाखवले, तिच्यात पुणे आणि चेन्नईची जोडपी होती. हे उपचार सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत मिळतात.

निपाणीची समुपदेशक

सर, त्या मुलाच्या काकांनाही निरोप द्या. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. तिथे जाणे जड वाटत असेल तर आधी 1097 या क्रमांकावर बोलावे. आणि शक्य असेल तर काकूंनाही सोबत आणावे.