सायकल कॅरियर घ्यायचंय, डिकीवरचा की टपावरचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्याहून दिवेआगरला गाडीने जायचं आणि तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा किनाऱ्याचा रस्ता सायकलने करायचा असं ठरतंय. सायकली दोन, माझी एमटीबी (माउंटन बाइक) साधारण १५ किलोची आणि बायकोची हायब्रिड, तिला वरची आडवी दांडी नाहीये (लेडीज फ्रेम), गाडी हॅचबॅक.

डिकीला पट्ट्यांनी बांधायचा कॅरियर स्वस्त पडतो आणि काढून घरात ठेवता येतो, पण आमच्या गाडीला मागे प्लास्टिकचा स्पॉइलर आहे, पट्ट्यांचे हूक त्यावर नीट बसतील का आणि ताम्हिणीच्या वळणांवर, खड्ड्यांत पट्ट्या सैल होतात का हे कोणी वापरलं असेल तर प्लीज सांगा. शिवाय नंबर प्लेट आणि टेललाइट झाकले जातात, पोलीस अडवतात का? मागे वेगळी प्लेट लावून चालतं का?

टपावरच्या कॅरियरला आधी क्रॉसबार (टपावर बसवायच्या आडव्या दांड्या) लागतात, खर्च वाढतो, त्यात टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून क्रॉसबार आणि कॅरियरचं वजनही त्यातच धरावं लागतं. बायकोला एवढ्या वर सायकल चढवणं जमणार नाही, आणि हायवेला वाऱ्यामुळे ॲव्हरेज पडणार ते वेगळंच. टो हिचवाला (गाडीच्या मागे खाली टोइंगसाठी जोड बसवतात त्यावर लावायचा कॅरियर) मला सगळ्यात भक्कम वाटतो पण हॅचबॅकला कोणी बसवलाय का?

थुले कंपनीचा कॅरियर महाग आहे, पण सायकल रस्त्यात पडली तर मागच्या बाइकवाल्याच्या जिवावर बेतेल, म्हणून पैशापेक्षा पकड महत्त्वाची. आणि लेडीज फ्रेमसाठी, कॅरियरवर टांगता यावी म्हणून वरच्या दांडीच्या जागी लावायची जोडदांडी मिळते ती पुण्यात कुठे मिळेल?