पान उलटलं की माझी हिरॉईन मोठी होते!

रेघोट्या:
मंडळी, पुतणीसाठी बारा पानांची चित्रकथा काढतेय. हिरॉईन आठ वर्षांची, दोन वेण्या, आजीचा चष्मा लावून गावभर फिरते. पण पहिल्या पानावर आठ वर्षांची, चौथ्यावर कॉलेजात जाणारी आणि सातव्यावर चक्क तिचीच आई दिसतेय. रेफरन्स स्केच केलंय हो, समोरून एक छान चेहरा, टेबलासमोर चिकटवलाय पण, तरी हे होतंय. काय चुकतंय?

बोरूबहाद्दर:
समोरून एकच चेहरा म्हणजे आधार कार्डावरचा फोटो झाला, त्यावरून कोण कुणाला ओळखतं :) समोरून, तिरकी, बाजूने, पाठमोरी अशी चार वेळा उभी काढ एका ओळीत, आणि डोळे, खांदे, कंबर, गुडघे यांच्यातून आडव्या रेषा आरपार ओढ, चारही जणी त्याच रेषांवर बसल्या पाहिजेत. अ‍ॅनिमेशनवाले याला मॉडेल शीट म्हणतात, तिथे एकच पात्र अनेक जण काढतात ना. वय वाढतंय ते डोक्याच्या मापामुळे. मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच, म्हणजे त्याच्या उंचीत त्याचं डोकं साडेसात वेळा मावतं, तुझी मुलगी सहा धर, कार्टूनात पाचही चालतील पण मग सगळीकडे पाचच. आणि लहान मुलांचे डोळे चेहऱ्यावर खाली असतात, हनुवटी इवलीशी. डोळे वर सरकले, जबडा लांबला की झाली आई.

शाईसांडू:
वरचं सगळं बरोबर पण मी म्हणेन शीट लगेच फायनल नको करूस. आधी तीस-चाळीस वेळा रफ काढ, हात आपोआप जे सोपं करून टाकतो तेच शीटवर घे, नाहीतर शीट एक सांगते आणि हात दुसरंच काढतो. मिकीचे कान बघ, डोकं कुठेही वळू दे, कान गोलच. खरं तर चूकच ते, पण त्यावरच तर ओळखतो आपण. लक्ष्मणांचा कॉमन मॅनही चौकडीचा कोट आणि धोतरावरून लगेच कळतो. आकृती नुसती काळी भरून बघ, ओळखू येते का.

रेघोट्या:
पट्टी घेऊन मोजलं. पहिल्या पानावर साडेपाच डोकी, सातव्यावर सात!! चार पानं परत काढणं आलं. काळी भरून वेण्या कळतात, पण पाठमोरी असताना चष्मा कसा दाखवू?

बोरूबहाद्दर:
आजीचाच आहे ना? दोरी लाव की त्याला.